दुरुस्ती की नवा भाग? मोटारींच्या सस्पेन्शनचा प्रश्न आणि चेन्नईचा अनुभव

चेन्नईच्या एग्मोर रेल्वे स्थानकापासून जवळच, कूवम नदीच्या काठी पुदुपेट हा भाग आहे. जुन्या वाहनांच्या सुट्या भागांची बाजारपेठ म्हणून तो दक्षिण भारतात प्रसिद्ध आहे. मोडीत निघालेल्या मोटारींची इंजिने, दारे, चाके, स्प्रिंगा आणि शॉकअब्सॉर्बर येथे वेगळे करून विकले जातात. याच महानगराच्या परिघावर इरुंगाट्टुकोट्टै, ओरगडम आणि श्रीपेरुम्बुदूर येथे देशातील आघाडीची वाहननिर्मिती केंद्रे उभी आहेत. १९९८ मध्ये इरुंगाट्टुकोट्टै येथील ह्युंदाई कारखान्यातून सँट्रो मोटार बाहेर पडली आणि २०१० मध्ये ओरगडम येथे रेनो व निसान यांचा संयुक्त कारखाना सुरू झाला. नवे वाहन घडविणे आणि जुने वाहन चालते ठेवणे, ही दोन्ही कामे एकाच शहरात मोठ्या प्रमाणावर चालतात.

या दोहोंच्या मध्ये वाहनाचा मालक उभा असतो. गतिरोधकावरून जाताना पुढच्या चाकापाशी खडखड आवाज येऊ लागला की त्याच्यापुढे प्रश्न पडतो : झिजलेला भाग दुरुस्त करावा की नवा बसवावा? वरवर पाहता हा प्रश्न खासगी व किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात त्यामागे सुरक्षितता, कुटुंबाचा खर्च, लहान कारागिरांचा रोजगार, स्पर्धा कायदा आणि पर्यावरण असे अनेक धागे गुंतलेले आहेत. त्यांचा उलगडा करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

सस्पेन्शनचे कार्य

मोटारीचा सांगाडा आणि चाके यांना जोडणाऱ्या रचनेस सस्पेन्शन म्हणतात. तिची तीन मुख्य अंगे आहेत. पहिले अंग स्प्रिंगांचे. गुंडाळीच्या स्प्रिंगा किंवा पोलादी पाटे वाहनाचा भार पेलतात आणि खड्ड्याचा धक्का ऊर्जेच्या रूपाने साठवतात. दुसरे अंग शॉकअब्सॉर्बरचे, ज्याला गॅरेजमध्ये ‘शॉकअप’ म्हणतात. स्प्रिंगने साठवलेली ऊर्जा तो आतील तेलाच्या घर्षणाने उष्णतेत बदलतो व वाहनाचे हेलकावे थांबवतो. तिसरे अंग जोडण्यांचे. लोअर आर्म, बॉल जॉइंट, लिंक रॉड आणि रबरी बुश हे भाग चाकाला योग्य कोनात धरून ठेवतात.

शॉकअब्सॉर्बर निकामी झाला तर प्रवास त्रासदायक होतो, एवढाच बहुतेकांचा समज असतो. वस्तुतः त्याचे महत्त्वाचे काम चाक रस्त्याला टेकलेले ठेवणे हे होय. चाक हवेत उसळत असताना ब्रेक कितीही चांगले असले तरी त्यांचा उपयोग होत नाही. त्यामुळे खडबडीत रस्त्यावर थांबण्याचे अंतर वाढते, वळणावरील पकड कमी होते आणि टायर ठिकठिकाणी खळगे पडल्यासारखे झिजतात. बॉल जॉइंटचे तर सर्वस्वी वेगळे आहे. तो निखळला तर चाक आडवे होते आणि वाहनावरील ताबा क्षणात सुटतो. एका भागाची झीज हळूहळू जाणवते, तर दुसऱ्या भागाचे अपयश पूर्वसूचनेशिवाय येऊ शकते. दुरुस्ती की बदल, या निर्णयाचा पाया या फरकात आहे.

हवामान आणि रस्ते

चेन्नईचे हवामान या भागांची कठोर परीक्षा घेते. मे महिन्यातील ‘अग्निनक्षत्रम्’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कडक उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. उष्णता व ओझोन यांमुळे बुशचे रबर कडक होऊन त्याला भेगा पडतात. समुद्रावरून येणाऱ्या खारट हवेतील क्लोराइड पोलादावरील रंगाच्या बारीक चिरांतून आत शिरते. गंजाने पडलेल्या सूक्ष्म खड्ड्यांपाशी ताण एकवटतो आणि गुंडाळीची स्प्रिंग एखाद्या दिवशी तडकते.

डिसेंबर २०१५ मधील महापुरात आणि डिसेंबर २०२३ मधील मिचाँग चक्रीवादळाच्या वेळी शहरातील असंख्य वाहने पाण्यात बुडाली. अशा वेळी इंजिनाकडे सर्वांचे लक्ष जाते. परंतु गाळमिश्रित पाणी बॉल जॉइंटच्या फाटक्या रबरी टोपीतूनही आत जाते, वंगण धुऊन टाकते आणि मागे वाळूचे कण ठेवते. वाहन सुरू झाले म्हणून ते ठीक झाले, असे मानणे म्हणूनच धोक्याचे ठरते. सर्वसाधारण मोटार विमा पॉलिसीत नेहमीच्या झिजेची भरपाई मिळत नाही. अपघात किंवा पुरामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई देतानाही रबरी व प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा वजा केला जातो, हेही मालकाने लक्षात ठेवले पाहिजे.

रस्त्यांची रचना हा झिजेचा दुसरा स्रोत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार ताशी सुमारे २५ किलोमीटर वेगासाठीचा गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असावा. आपल्या नगरांतील अनेक गतिरोधक या मापाच्या जवळपासही नसतात. अरुंद व उंच गतिरोधकाचा धक्का थेट स्प्रिंग आणि बुशवर येतो. रस्त्याच्या सदोष रचनेमुळे मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास संबंधित यंत्रणा व कंत्राटदार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड करण्याची तरतूद मोटार वाहन (सुधारणा) कायदा, २०१९ ने कलम १९८-अ द्वारे केली आहे. सस्पेन्शनची रोजची झीज मात्र कोणत्याही दंडात मोजली जात नाही. ती मालकाच्या खिशातून भरली जाते.

रचनेत झालेला बदल

‘पूर्वीच्या गाड्या दुरुस्त होत, आताच्या फक्त बदलाव्या लागतात,’ अशी तक्रार जुने मेकॅनिक नेहमी करतात. तिच्यात तथ्य आहे. १९६१ पासून तत्कालीन मद्रासमध्ये तयार होणाऱ्या स्टँडर्ड हेरल्ड मोटारीला मागील बाजूस आडवा पाटा होता आणि पुढील चाकांच्या सांध्यांना ठरावीक काळाने तेल द्यावे लागे. अ‍ॅम्बॅसॅडरच्या मागील पाट्यांतील तुटलेले एकच पान बदलता येत असे. सांध्यांना ग्रीस भरण्याची सोय असे व झिजलेला बुश ठोकून काढून नवा बसवता येत असे. अशा वाहनाची निगा कष्टाची होती, पण ती स्थानिक कारागिराच्या आवाक्यात होती.

आजच्या बहुतेक लहान मोटारींना पुढील बाजूस मॅकफर्सन स्ट्रट असतो. त्यात शॉकअब्सॉर्बर, स्प्रिंगची बैठक आणि चाकाचा आधार एकत्र आलेले असतात. बॉल जॉइंट आयुष्यभराचे वंगण भरून कायमचा बंद केलेला असतो. या रचनेमुळे वजन व उत्पादनखर्च घटला, वारंवार ग्रीस भरण्याची कटकट संपली. मात्र भाग झिजल्यावर तो उघडून दुरुस्त करण्याची वाटही बंद झाली. याचा अर्थ असा की, दुरुस्ती शक्य आहे की नाही याचा निर्णय गॅरेजमध्ये होण्यापूर्वीच अभियंत्याच्या आराखड्यात झालेला असतो.

निर्णयाच्या तीन कसोट्या

पहिली कसोटी : भाग निकामी झाला तर काय होईल? ज्याच्या अपयशाने वाहनावरील ताबा सुटेल, तेथे तडजोड नसावी. वाकलेला लोअर आर्म ठोकून सरळ करणे, तडकलेल्या भागाला वेल्डिंग करणे किंवा तुटलेली गुंडाळीची स्प्रिंग जोडणे ही दुरुस्ती नव्हे. स्प्रिंगच्या पोलादाला विशिष्ट उष्णता-प्रक्रियेने बळ दिलेले असते. गॅसच्या ज्योतीने किंवा वेल्डिंगने ते बळ त्या जागी नष्ट होते आणि भाग दिसायला अखंड असला तरी आतून दुबळा राहतो.

दुसरी कसोटी : भाग उघडण्यासाठी बनवला आहे काय? दुचाकीच्या पुढील फोर्कमधील तेल आणि सील बदलणे ही उत्पादकालाच अभिप्रेत असलेली दुरुस्ती आहे. मोटारीचा वायुभारित शॉकअब्सॉर्बर मात्र बंदिस्त असतो. त्याला भोक पाडून तेल भरणे व पुन्हा झाळणे असे उपाय काही ठिकाणी केले जातात. त्याने काही दिवस आवाज थांबतो. परंतु आतील वायूचा दाब परत येत नाही आणि दांड्यावरील क्रोमचा थर खरवडलेला असल्यास नवे सीलही लवकर फाटते. याउलट लोअर आर्मचा धातू सुस्थितीत असून केवळ बुश झिजला असेल आणि तो स्वतंत्रपणे मिळत असेल, तर संपूर्ण आर्म बदलणे हा अपव्यय होय. लिंक रॉड व स्ट्रटवरील रबरी माउंटिंग हेही स्वतंत्रपणे बदलता येणारे भाग आहेत.

तिसरी कसोटी : दोष खरोखर कोठे आहे? शॉकअब्सॉर्बरवर तेलाचा पुसट ओलावा असणे स्वाभाविक असू शकते. तेल ओघळत असेल तर मात्र तो बदलणे आवश्यक ठरते. वाहनाचा कोपरा दाबून सोडल्यावर एक-दोन हेलकाव्यांपेक्षा अधिक वेळ ते डोलत राहिले, तर शॉकअब्सॉर्बर क्षीण झाल्याची शंका घ्यावी. मात्र ही चाचणी ढोबळ आहे व ती ठीक निघाली म्हणून निश्चिंत होऊ नये. उचललेले चाक वरून व खालून धरून हलवल्यास जाणवणारी ढिलाई बॉल जॉइंट किंवा चाकाच्या बेअरिंगकडे बोट दाखवते. खडखडाट अनेकदा स्वस्त लिंक रॉडमधून येतो आणि त्यासाठी महाग स्ट्रट बदलला जातो. अचूक निदान ही सर्वांत मोठी बचत होय.

शॉकअब्सॉर्बर व स्प्रिंगा एकाच आसावरील दोन्ही बाजूंना जोडीने बदलणे इष्ट असते. एक बाजू नवी व दुसरी थकलेली राहिल्यास ब्रेक लावताना वाहन असमान वागते. काम झाल्यावर चाकांचे अलाइनमेंट तपासून घेणेही आवश्यक असते, अन्यथा वाचवलेले पैसे टायरच्या झिजेत जातात.

खर्चाचे गणित

सुरक्षिततेची कसोटी पार केल्यानंतरच खर्चाचा विचार येतो. त्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका टॅक्सीचालकापुढे दोन पर्याय आहेत. नवा स्ट्रट २,८०० रुपयांना मिळतो व ६०,००० किलोमीटर टिकतो. पुदुपेटसारख्या बाजारातील वापरलेला स्ट्रट ९०० रुपयांना मिळतो, पण १५,००० किलोमीटरच टिकतो. काढण्या-बसवण्याची मजुरी प्रत्येक वेळी ८०० रुपये आहे. नव्या भागाचा एकूण खर्च ३,६०० रुपये, म्हणजे किलोमीटरमागे ६ पैसे. वापरलेल्या भागाचा एकूण खर्च १,७०० रुपये, म्हणजे किलोमीटरमागे सुमारे ११ पैसे. ६०,००० किलोमीटरच्या अंतरात वापरलेला भाग चार वेळा बसवावा लागेल व ६,८०० रुपये खर्च होतील. शिवाय वाहन गॅरेजमध्ये उभे राहिल्याने चार वेळा रोजगार बुडेल.

तथापि, हेच वाहन पुढील १५,००० किलोमीटरनंतर मोडीत काढायचे असेल, तर हिशेब उलटतो. म्हणजे योग्य उत्तर केवळ भागाच्या किमतीवर नव्हे, तर वाहनाच्या उरलेल्या आयुष्यावर अवलंबून असते. या उदाहरणातून विकासाच्या अभ्यासकांना परिचित असलेले एक कटू सत्यही पुढे येते. ज्याच्या हाती आज ३,६०० रुपये नाहीत, त्याला १,७०० रुपयांचा पर्याय घ्यावाच लागतो आणि अंती तोच अधिक पैसे मोजतो. दारिद्र्यामुळे स्वस्त वस्तू महाग पडते ती अशी.

वापरलेल्या भागांबाबत आणखी एक विवेक हवा. पोलादी भागाची तड, वाक किंवा गंज तपासता येतो. रबराचे वय आणि शॉकअब्सॉर्बरच्या आतील झीज मात्र डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे जुन्या बाजारातून घेण्याजोगे भाग कोणते व न घेण्याजोगे कोणते, याची सीमारेषा त्यांच्या किमतीने नव्हे तर तपासणीच्या शक्यतेने ठरते.

रेल्वेचा दाखला

जुना भाग पुन्हा वापरणे मुळातच असुरक्षित आहे, असा याचा अर्थ नाही. त्याचा उत्तम पुरावा चेन्नईतच आहे. पेरांबूर येथे १९५५ मध्ये इंटिग्रल कोच फॅक्टरी सुरू झाली. तेथे विकसित झालेल्या डब्यांच्या बोगींमध्ये गुंडाळीच्या स्प्रिंगा वापरल्या जातात. रेल्वेच्या कार्यशाळांत डब्यांची नियतकालिक संपूर्ण दुरुस्ती होते, तेव्हा सर्व स्प्रिंगा सरसकट फेकून दिल्या जात नाहीत. त्या स्वच्छ करून त्यांतील तडे शोधले जातात, ठरावीक भाराखाली त्यांची उंची मोजली जाते, समान उंचीच्या स्प्रिंगांचे गट केले जातात आणि मर्यादेत न बसणाऱ्या बाद केल्या जातात.

पदपथावरील दुकान आणि रेल्वेची कार्यशाळा यांतील फरक जुन्या-नव्या भागांचा नसून मोजमापाचा आहे. मोजमाप, नोंद आणि लिखित मर्यादा उपलब्ध असतील, तर पुनर्वापर सुरक्षित व किफायतशीर ठरतो. त्या नसतील, तर तो केवळ अंदाज उरतो. मोटारींच्या क्षेत्रात ही माहिती बहुतांशी उत्पादकाकडे असते. म्हणून पुढचा प्रश्न कायद्याचा आहे.

स्पर्धा कायदा आणि दुरुस्तीचा अधिकार

२०११ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे एक तक्रार दाखल झाली. मोटार कंपन्या अस्सल सुटे भाग व निदानाची साधने खुल्या बाजारात उपलब्ध करून देत नाहीत, त्यामुळे ग्राहकाला अधिकृत केंद्राखेरीज पर्याय उरत नाही, असे तिचे सार होते. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ कंपन्यांना एकूण २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. स्वतंत्र गॅरेजना सुटे भाग व निदान-साधने मिळावीत आणि केवळ बाहेर दुरुस्ती केली म्हणून हमी रद्द होऊ नये, अशा आशयाचे निर्देशही दिले. पुढे या प्रकरणी न्यायालयीन लढाई झाली. तरीही सुट्या भागांची बाजारपेठ ही स्वतंत्र बाजारपेठ असून तेथे वर्चस्वाचा गैरवापर होऊ शकतो, हे तत्त्व या आदेशाने ठळक केले.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ मध्ये मतदारांनी मोटार दुरुस्तीच्या अधिकाराच्या बाजूने कौल दिला. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या अधिकाराचा आराखडा तयार करण्यासाठी समिती नेमली. शेती अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक उपकरणे, टिकाऊ ग्राहकोपयोगी वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे तिच्या विचाराधीन होती. २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, या विषयाचे पोर्टल सुरू करण्यात आले. सुट्या भागांवरील करही या संदर्भात महत्त्वाचा आहे. पूर्वी अनेक भागांवर २८ टक्के वस्तू व सेवा कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून सर्व वाहनभागांसाठी १८ टक्के असा एकच दर लागू झाला. अस्सल भाग स्वस्त झाला, तर बनावट भागाचे आकर्षण कमी होते.

तपासणी आणि अखेरची मोड

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते व त्यानंतर तपासणी करून ती पाच वर्षांसाठी नूतनीकृत करता येते. व्यावसायिक वाहनांना मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५६ नुसार योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. ही तपासणी यंत्रांद्वारे करणारी स्वयंचलित केंद्रे २०२१ पासून नियमांच्या चौकटीत आणली गेली आहेत. १३ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर झालेल्या वाहन मोडणी धोरणाचा गाभाही वाहनाची योग्यता हाच आहे. जनावरांच्या बाजाराप्रमाणे केवळ दात मोजून वाहनाचे वय ठरवण्यापेक्षा त्याची प्रकृती तपासणे, हा त्यामागील विचार.

१ एप्रिल २०२५ पासून अमलात आलेल्या आयुर्मान संपलेल्या वाहनांविषयीच्या नियमांनी उत्पादकांवर विस्तारित उत्तरदायित्व टाकले आहे. वाहन बनविणाऱ्याची जबाबदारी विक्रीने संपत नाही, हे त्यातून मान्य झाले. पुदुपेटचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या वाहनांचे भाग वेगळे करीत आले आहेत. त्यांचे कौशल्य नव्या नोंदणीकृत मोडणी केंद्रांच्या व्यवस्थेत कसे सामावून घेतले जाते, यावर अनेक कुटुंबांचा चरितार्थ आणि चक्रीय अर्थव्यवस्थेचे यश, दोन्ही अवलंबून राहील.

समारोप

दुरुस्ती म्हणजे काटकसर आणि बदल म्हणजे उधळपट्टी, हे समीकरण खरे नाही. त्याचप्रमाणे नवे ते सुरक्षित व जुने ते धोकादायक, हेही पूर्ण सत्य नव्हे. ज्या भागावर जीव अवलंबून आहे तो शंका येताच बदलावा. ज्या भागाची केवळ झीज होते व जो त्यासाठीच वेगळा बनवला आहे, तेवढाच बदलून उरलेला वापरावा. आणि ज्याची तपासणी करता येत नाही, तो जुना भाग घेऊ नये. हा विवेक मालकाने दाखवावा, ही अपेक्षा रास्त आहे. मात्र त्यासाठी माहिती, प्रामाणिक निदान आणि परवडणारे अस्सल भाग त्याच्यापर्यंत पोहोचले पाहिजेत. नवी वाहने घडविणारे ओरगडम आणि जुनी वाहने चालती ठेवणारे पुदुपेट यांच्यात अंतर फार नाही. या दोहोंमध्ये माहितीचा पूल बांधणे, हे उत्पादक, शासन आणि ग्राहक चळवळ यांच्यापुढील कार्य आहे.